दुर्गम डोंगरात मुलींची शाळा कशी उभी राहते

डोंगरातल्या एखाद्या वस्तीला शाळा नाही असं कळलं की मनात पहिली येते ती इमारत. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, समोर झेंडा. पण मुली शाळेत का येत नाहीत याची कारणं घरोघर जाऊन विचारली, तर इमारत नसणं हे त्यातलं फक्त एक कारण निघतं आणि पुष्कळदा ते सर्वांत मोठं नसतं. वाट लांब असते. मधल्या ओढ्यावर साकव नसतो. संडासाला आतून कडी नसते. शिकवायला बाई नसतात. पाचवीच्या पुढे वर्गच नसतो. या साखळीतली एक कडी तुटली तरी मुलगी घरी राहते, मग इमारत कितीही देखणी असो. म्हणून आराखडा कागदावर उतरण्याआधी मुलीचा दिवस समजून घ्यावा लागतो: ती कधी उठते, पाणी-सरपण-गुरं यांत तिचा किती वेळ जातो, कुठल्या वाटेने येते, परतताना अंधार पडतो का. पुढे जे बांधकामाचं बोलायचं आहे, ते सगळं या दिवसाभोवती बसवायचं आहे.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

अफगाणिस्तानच्या घोर या डोंगराळ प्रांतात २००७ साली एक नेटका प्रयोग झाला. ३१ गावांपैकी १३ गावांमध्ये गावातच छोटी शाळा सुरू केली आणि बाकीची गावं तुलनेसाठी ठेवली. डेना बर्डे आणि ली लिंडेन या संशोधकांनी त्याचे निष्कर्ष मांडले. शाळा गावात आली तेव्हा मुलींची हजेरीपटावरची नोंद ५२ टक्के अंकांनी वाढली, मुलांची ३५ अंकांनी. मुलगे आणि मुली यांच्यातली २१ अंकांची दरी जवळपास बुजली. अंतराचा हिशेब तर डोळे उघडणारा होता. शाळा एक मैल, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, लांब गेली की मुलांची नोंद सुमारे १३ अंकांनी घटत होती आणि मुलींची १९ अंकांनी. म्हणजे लांबच्या शाळेचा फटका मुलींना जास्त बसतो.

डोंगरात तर नकाशावरचं अंतर फसवं असतं. गिर्यारोहकांचा जुना ठोकताळा असा आहे: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. शाळा दोन किलोमीटरवर पण ३०० मीटर उंचावर असेल, तर २४ अधिक ३०, म्हणजे ५४ मिनिटं लागतात. हेसुद्धा धडधाकट मोठ्या माणसाला. सहा वर्षांच्या मुलीला बर्फात यापेक्षा पुष्कळ जास्त. तेव्हा गावातल्या सर्वांत लहान मुलीला आणि तिच्या आईला सोबत घेऊन ती वाट प्रत्यक्ष चालून बघावी, आणि तीही हिवाळ्यात. कुठे दोर बांधावा लागेल, कुठे साकव हवा, कुठली घळ टाळायची, हे चालल्यावरच कळतं. एक पक्का साकव किंवा डोंगर कापून केलेली मीटरभर रुंद पायवाट कधीकधी एका वर्गखोलीपेक्षा जास्त मुली शाळेत आणते. अंदाजपत्रकात तिला पहिल्या ओळीत जागा द्या.

घोरच्या त्या शाळांना इमारतीच नव्हत्या, हेही ध्यानात घ्यावं. गावाने एक खोली दिली, गावातलाच शिकलेला माणूस प्रशिक्षण घेऊन शिकवू लागला, पुस्तकं बाहेरून आली. नवीन ठिकाणी हाच क्रम शहाणपणाचा ठरतो. आधी वर्षभर एखाद्या घरात वर्ग चालवा. किती मुली येतात, कुठल्या महिन्यात गळतात, शेताच्या कामाच्या दिवसांत वेळ बदलावी लागते का, हे सगळं समोर येतं. तीस मुलींसाठी बांधायचं की सत्तर, याचं उत्तर त्याशिवाय मिळत नाही. सरकारनेच दार बंद केलं तर मात्र यातलं काहीच चालत नाही. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीपुढच्या शाळेत जाऊ दिलं जात नाही, आणि त्यावर बांधकामाच्या शास्त्रात उत्तर नाही.

जागा: एक हिवाळा नुसतं बघा

डोंगरात सपाट जमीन म्हणजे शेत, आणि शेत कुणी सहज देत नाही. शाळेसाठी पुढे केली जाते ती बहुधा नापीक जागा: नदीकाठचा गोट्यांचा पट्टा, घळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला गोटे-गाळाचा थर, कड्याखालची मोकळी जमीन. ती जागा मोकळी का राहिली, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा. घळीच्या तोंडाशी घराएवढे धोंडे पडलेले असतील तर ते पाण्या-चिखलाच्या लोंढ्याने आणले आहेत आणि पुन्हा आणणार. वरचा उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर हिमस्खलनाची शक्यता सर्वांत जास्त असते. त्या उतारावर जंगलात झाडांविना उभा पट्टा दिसला, किंवा एकाच वयाची, खाली वाकलेली कोवळी झाडं दिसली, तर तो बर्फ घसरण्याचा मार्ग आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण "इथे धोका आहे का" असं विचारू नका. "तुमच्या आठवणीत बर्फ सर्वांत खाली कुठवर आला होता" असं विचारा आणि ती जागा बोटाने दाखवायला सांगा.

जागा निवडल्यावर एक हिवाळा जाऊ द्यावा. डिसेंबर-जानेवारीत त्या तुकड्यावर ऊन किती वाजता येतं आणि डोंगराच्या सावलीत कधी जातं, हे दर आठवड्याला लिहून ठेवा. काही दऱ्यांमध्ये पन्नास मीटर अलीकडे-पलीकडे सरकल्याने दोन तासांचं ऊन मिळतं किंवा जातं. हे वर्ष वाया जात नाही: त्या काळात लाकूड वाळतं, दगड फोडून रचून होतात, जमिनीची कागदपत्रं होतात.

कागदपत्रं टाळू नका. तोंडी दिलेली जमीन देणारा माणूस गेला की त्याची मुलं परत मागतात. दानपत्र नोंदवून घ्या, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, आणि जमिनीसोबत पाण्याचा हक्क व येण्याजाण्याची वाटही लिहून घ्या. पाण्याविना जमीन मिळाली तर संडास आणि पिण्याचं पाणी दोन्ही अडतात.

भिंती: जिथे जीव जातो

८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास काश्मीरात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. शनिवार होता, शाळा भरलेल्या होत्या. पाकिस्तानच्या ताब्यातलं काश्मीर आणि शेजारच्या भागात १७ हजारांहून अधिक शाळकरी मुलं मेली, बहुतेक शाळांच्या छपरांखाली. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला तोही शनिवारीच, पण तिथे शनिवार सुट्टीचा. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, तेव्हा त्या रिकाम्या होत्या. हिमालय, काराकोरम, हिंदुकुश ही सारी भूकंपाचीच भूमी आहे. इथे शाळा बांधणं म्हणजे मुलांना रोज सहा तास एका छपराखाली बसवणं, याचं भान गवंड्यापासून देणगीदारापर्यंत सर्वांना हवं.

दगडी भिंत का पडते? जाड दगडी भिंत खरं तर दोन पातळ भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मध्ये चुरा भरलेला. हादरा बसला की दोन्ही थर फुगतात, सुटतात आणि छप्पर खाली येतं. यावर उपाय स्वस्त आहे. भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारा दगड, ज्याला थ्रू स्टोन म्हणतात, तो उंचीत दर ६० सेंटीमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला बसवायचा. एवढा लांब दगड मिळाला नाही तर तिथे लाकडाचा ठोकळा किंवा काँक्रीटचा पट्टा चालतो. भिंत ४५ सेंटीमीटरपेक्षा जाड करू नका. जाडी वाढवली की मजबुती वाढते असं वाटतं, प्रत्यक्षात वाढतो तो मधला चुरा आणि वजन.

दुसरी गोष्ट, आडवे पट्टे. जोत्याशी, खिडकीखाली, दाराखिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे पट्टे संपूर्ण इमारतीभोवती अखंड फिरवायचे, कमरेला पट्टा आवळावा तसे. साध्या काँक्रीट पट्ट्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया आणि दर १५ सेंटीमीटरला ६ मिलिमीटरची आडवी जोडसळई असते. चूक होते ती कोपऱ्यावर. सळई कोपऱ्यातच तोडून दुसरी शेजारी ठेवली, तर हादऱ्यात कोपरा उघडतो. सळई कोपऱ्यातून वळवून पुढे न्यायची आणि जोड भिंतीच्या मधल्या भागात किमान ५० सेंटीमीटर एकावर एक घ्यायचा. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून ६० सेंटीमीटर तरी दूर असाव्यात, आणि एका भिंतीतल्या सगळ्या उघड्या जागांची रुंदी भिंतीच्या निम्म्याहून जास्त नसावी.

आता हे सामान वर कसं न्यायचं ते पाहू. सहा बाय सात मीटरच्या तीन खोल्या ओळीने बांधल्या, तर भिंतींची एकूण लांबी साधारण ६६ मीटर होते. पट्टा ४० सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच धरला तर एका पट्ट्याला २.६ घनमीटर काँक्रीट लागतं. घनमीटरला ५० किलोची आठ पोती सिमेंट धरली तर २१ पोती. चारपैकी तीनच पट्टे धरले तरी झाली ६३, म्हणजे तीन टनांच्या वर. बळकट खेचर ६० ते ८० किलो वाहतं, म्हणून एक खेचर, एक पोतं, एक खेप. वाळू, खडी आणि सळई यात धरलेलीच नाही. रस्ता संपतो तिथून दोन दिवसांची चाल असेल, तर हा हिशेब आराखडाच बदलून टाकतो.

म्हणूनच जुन्या डोंगरी बांधकामांकडे आदराने बघावं. हिमाचलची काठकुणी, उत्तरकाशीकडची कोटी बनाल शैलीची उंच घरं, काराकोरममधल्या हुंझा खोऱ्यातल्या जुन्या गढ्या, सगळीकडे दगडांच्या थरांमध्ये लाकडाच्या आडव्या जोडतुळया आहेत. काँक्रीटच्या पट्ट्याचं काम तिथे लाकूड करतं. लाकडी पट्टा करायचा तर ७५ बाय ३८ मिलिमीटरच्या दोन समांतर पट्ट्या आणि दर अर्ध्या मीटरला त्यांना जोडणारा आडवा तुकडा, असं शिडीसारखं गुंफायचं. काश्मीरची धज्जी-दीवारी तर याहून हलकी: लाकडी चौकटीचे लहान लहान कप्पे, त्यात चपटे दगड आणि माती. हादऱ्यात माती भेगाळते, हादऱ्याची ताकद त्या भेगांमध्ये जिरते, चौकट उभी राहते. २००५ नंतर पाकिस्तानी काश्मीरात सरकारने या पद्धतीला मान्यता दिली आणि हजारो घरं तशी बांधली गेली. अट एकच: लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड वर्षभरात पिळवटतं आणि सांधे सैल होतात. आणि त्याचा पाय जमिनीपासून किमान ३० सेंटीमीटर उंच, दगडी जोत्यावर असावा, नाहीतर कुजतो.

सिमेंट वापरायचंच असेल तर तीन सापळे सांभाळा. पोतं दमट जागी तीन महिने पडलं तर ताकदीचा पाचवा हिस्सा किंवा अधिक जातो, म्हणून आदल्या शरदात सळई-पत्रे आणून ठेवा पण सिमेंट त्याच हंगामात आणा. हिमनदीच्या ओढ्याची वाळू गाळाने भरलेली असते. काचेच्या बाटलीत वाळू-पाणी हलवून काही तास ठेवा, वर गाळाचा थर वाळूच्या साताठ टक्क्यांहून जाड दिसला तर ती धुतल्याशिवाय वापरू नका. तिसरा सापळा थंडीचा. पारा ५ अंशांखाली गेला की काँक्रीट घट्ट व्हायला फार वेळ घेतं, आणि ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं तर ते आतून भुसभुशीत होतं, बाहेरून मात्र ठीक दिसतं. शेवटचा पट्टा ऑक्टोबरात घाईने ओतण्यापेक्षा भिंत झाकून पुढच्या मेपर्यंत थांबणं केव्हाही बरं. उद्घाटनाची तारीख आधी ठरवली की नेमकी हीच घाई होते.

छप्पर हलकं ठेवा. तरी बर्फाचं वजन धरावंच लागतं: बसलेला बर्फ घनमीटरला २०० ते ३०० किलो भरतो, म्हणजे ४२ चौरस मीटरच्या खोलीवर मीटरभर बर्फ साचला तर दहा टनांच्या आसपास. उतरतं पत्र्याचं छप्पर बर्फ खाली टाकतं, पण टाकतं कुठे? दार छपराच्या उताराखाली असेल तर थेट मुलींच्या अंगावर. दार त्रिकोणी भिंतीच्या बाजूला काढा आणि संडासाची वाटही छपराच्या घसरणीखालून नेऊ नका.

ऊब

थंडीत बोटं वळत नसतील तर पाटीवर अक्षर उमटत नाही. जळण आणायचं काम घरी मुलींकडेच असतं, आणि शाळेनेही त्यांनाच मोळी आणायला सांगितलं तर त्यांचे शिकण्याचे तास तिथेच गेले. म्हणून शक्य तेवढी ऊब उन्हातून मिळवावी.

३५ अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य क्षितिजापासून अवघा साडेएकतीस अंश वर असतो, जूनमध्ये साडेअठ्ठ्याहत्तर. दक्षिणेच्या मोठ्या खिडकीवर ६० सेंटीमीटरचा सज्जा काढला, तर हिवाळ्यात दुपारी त्याची सावली जेमतेम ३७ सेंटीमीटर खाली येते आणि उन्हाळ्यात जवळपास तीन मीटर. हिवाळ्यात ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर. उत्तरेला छोट्या खिडक्या ठेवा. छताखाली पेंढा, लोकर किंवा लाकडाचा भुसा यांचा १५ ते २० सेंटीमीटरचा थर द्या, कारण उष्णता सर्वांत आधी वरून पळते. दाराला दुहेरी देवडी करा, म्हणजे एकामागे एक दोन दारं.

इथे एक फरक समजून घेण्यासारखा आहे. वर्ग दिवसा भरतो, त्याला सकाळीच ऊब हवी. म्हणून वर्गाला थेट ऊन आत घेणाऱ्या खिडक्या हव्यात, शक्यतो थोड्या पूर्वेकडे कललेल्या. वसतिगृहाला ऊब रात्री हवी. तिथे काचेमागे काळी जाड भिंत, म्हणजे ट्रॉम्ब भिंत, बरी. ती दिवसभर तापते आणि रात्री आत उष्णता सोडते. लडाखमध्ये शे इथल्या ड्रुक व्हाइट लोटस शाळेत ही वाटणी दिसते: वर्ग सकाळच्या उन्हाकडे, राहण्याच्या खोल्यांना ट्रॉम्ब भिंती. तिथल्याच फे गावाजवळच्या सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या मातीच्या इमारतींमध्ये बाहेर उणे १५ असताना आत १४-१५ अंश राहतं, बिनजळणाचं. ढगाळ आठवड्यासाठी बुखारी, म्हणजे धुराची नळी असलेली लोखंडी शेगडी, ठेवावीच, पण तिच्या नळीला छपरातून जाताना लाकडापासून अंतर आणि पत्र्याची कॉलर हवी, आणि एक झरोका नेहमी उघडा.

संडास आणि पाणी

जागतिक आरोग्य संघटनेचं शाळांसाठीचं प्रमाण २५ मुलींमागे एक संडास, आणि शिक्षिकांसाठी वेगळं एक. संख्या पाळूनही चुका होतात. मुलांच्या आणि मुलींच्या संडासांची दारं समोरासमोर. वरून, रस्त्यावरून, आत दिसणारी भिंत. डोंगरात वरच्या पायरीशेतातून खाली सगळं दिसतं, हे सपाटीवरच्या अभियंत्याच्या लक्षात येत नाही. कडी बाहेरून आहे, आतून नाही. आत पाणी नाही. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला, धुवायला आणि पॅड टाकायला जागा नाही. महिन्याला चार-पाच दिवस बुडले की अभ्यास मागे पडतो आणि मग शाळाच सुटते. मुलींच्या बाजूला एक खोली मोठी करा: आत तोटी, हुक, झाकणाचा डबा, उजेडासाठी उंचावर झडप. जागा मोठ्या मुलींना विचारून ठरवा, आणि विचारणारी बाई असू द्या.

गोठणाऱ्या प्रदेशात पाण्याचा संडास हिवाळ्यात बंद पडतो. तिथे कोरडा, दोन कोठ्यांचा संडास चालतो: एक कोठी भरेपर्यंत वापरायची, राख-माती टाकत राहायचं, मग ती बंद करून दुसरी. थंडीत कुजायला वेळ लागतो, म्हणून बंद कोठी दीड-दोन वर्षं उघडू नये. लडाखी घरांत हे ज्ञान पिढ्यांपासून आहे.

पाणी दिवसाच्या शाळेला मुलीमागे रोज ५ लिटर, वसतिगृहाला २० लिटर धरा. झऱ्यापासून नळी उतारानेच येते, पंप लागत नाही. पण ती जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली पुरावी लागते, उंचावर ती खोली मीटरभर किंवा त्याहून जास्त असते. जमत नसेल तर सर्वांत खालच्या टोकाला रिकामी करण्याचा व्हॉल्व बसवा आणि रोज संध्याकाळी नळी रिकामी करण्याचं काम एका माणसाला पगार देऊन द्या.

कुंपणाबद्दल एक इशारा. जिथे पडदा पाळतात तिथे आईबाप उंच भिंत मागतात, आणि ते रास्त आहे. पण दोन मीटर उंचीची सुटी दगडी भिंत भूकंपात खेळत्या मुलींवर पडते. खालचा मीटरभर दगड, वर लाकडी फळ्या किंवा पत्रा, असं केलं तर पडदाही राहतो आणि धोकाही कमी होतो.

बाई कुठून आणायच्या, आणि पाचवीनंतर काय

पुरुष शिक्षक असेल तर दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घरचे पाठवत नाहीत, असं कित्येक खोऱ्यांत आहे. शिक्षिका हवी, पण शिकलेली बाई नाही कारण मुलींची शाळा नव्हती. आज पहिलीत बसलेली मुलगी शिक्षिका व्हायला बारा-चौदा वर्षं लागतील. मधल्या काळात दोन वाटा आहेत. बाहेरून शिक्षिका आणायची तर दोघींना एकत्र आणा, एकटी बाई परक्या गावात टिकत नाही, आणि त्यांच्यासाठी शाळेच्या आवारात दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र संडास आधी बांधा. नाहीतर गावातली आठवी शिकलेली सून किंवा मुलगी निवडून, तिला सुट्टीत प्रशिक्षण आणि वर्षभर पाठबळ द्या. दुसरी वाट हळू असली तरी जास्त टिकते. ती बाई गावची भाषा बोलते, हिवाळ्यात निघून जात नाही, आणि मुलींना रोज डोळ्यांसमोर दिसते.

प्राथमिक शाळा प्रत्येक वस्तीवर होऊ शकते, माध्यमिक होत नाही. विषयांचे वेगवेगळे शिक्षक, प्रयोगशाळा, पुरेशी पटसंख्या, हे चार-पाच गावं मिळूनच जमतं. त्यामुळे पाचवी ते सहावी या एका पावलावर सगळ्यात मोठी गळती होते. उत्तर म्हणजे वसतिगृह. भारतात २००४ पासून चाललेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं याच जागेसाठी आहेत. वसतिगृहाचं यश इमारतीपेक्षा अधीक्षक बाईवर असतं: ती खोऱ्यातली असावी, रात्री तिथेच राहणारी, आणि आईबापांना ठरलेल्या दिवशी फोनवर मुलीशी बोलू देणारी. पहिल्या वर्षी मुली घेताना एका गावातून एकटी घेऊ नका, दोघी-तिघी घ्या. एक परतली की पाठोपाठ गावच्या सगळ्या परततात, आणि दोघी असल्या की त्या एकमेकींना थांबवतात.

इमारत झाल्यावर

इमारतीचा खर्च एकदा होतो. पगार, जळण, पुस्तकं, दुरुस्ती दर वर्षी. दहा वर्षांचा चालू खर्च कोण देणार, सरकार शाळा ताब्यात घेणार का आणि कधी, हे पाया खणण्यापूर्वी लेखी हवं. ओसाड पडलेल्या बहुतेक शाळांची गोष्ट इथेच अडलेली असते. त्यांच्या भिंती शाबूत असतात, पण पगार थांबलेला असतो.

शाळा समितीत आया निम्म्या तरी असाव्यात आणि बैठक त्यांच्या सवडीच्या वेळी असावी. समितीकडे वर्षाची कामांची यादी द्या. शरदात छपराचे हुक आवळणं, बुखारीची नळी झाडणं, पन्हाळी मोकळ्या करणं. वसंतात भिंतींच्या भेगा बघून तारखेसह खूण करणं, भेग वाढते आहे का ते कळावं म्हणून. संडासाची कोठी कधी बंद केली ते दारावर लिहिणं. आणि बर्फ पडल्यावर पहिली मुलगी घराबाहेर पडण्याआधी वाट कोण मोकळी करणार, त्या माणसांची आठवड्याच्या वारांप्रमाणे नावं भिंतीवर लावणं.